दारू आणि आपली हाडं

दिवसभर उसाची तोडणी करून, नाहीतर पाठीवर पंप घेऊन फवारणी करून माणूस घरी येतो, तेव्हा अंग नुसतं ठणकत असतं. मग कुणीतरी सांगतं, "थोडी घे, अंगदुखी पळेल." घेतल्यावर बरं वाटतं, हे खोटं नाही. पण दारूनं दुखणं बरं होत नाही, ते फक्त काही वेळ कळत नाही. आणि ज्या हाडांच्या जोरावर आपण कष्ट करतो, तीच हाडं ती आतून कमजोर करते. कशी, ते आज पाहू.

हाड हे शेताच्या बांधासारखं आहे. बांधाची माती पावसात थोडी वाहून जाते, उन्हाळ्यात आपण पुन्हा माती टाकून तो सावरतो. शरीरही जुनं हाड झिजवून त्या जागी नवं भरत असतं. सतत आणि जास्त पिणाऱ्याच्या शरीरात हे भरायचं काम मंदावतं. झीज मात्र थांबत नाही. मग बांध खचणारच.

हाडाला चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतं. ते अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवं. उन्हामुळे कातडीत बनलेलं हे जीवनसत्त्व यकृत आणि मूत्रपिंडात प्रक्रिया झाल्यावरच कामाला येतं. दारूनं यकृत बिघडलं, की ऊन असूनही उपयोग कमी. त्यात पिणाऱ्याचं जेवण धड नसतं. नशेत तोल गेला, की असं ठिसूळ हाड लवकर मोडतं.

आणखी एक धोका खुब्याचा. जास्त दारूमुळे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो आतून मरू लागतो. हे म्हातारपणाचं दुखणं नव्हे, तिशी-चाळिशीतल्या तरण्या माणसालाही होतं. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही, चाल लंगडी होते. माणसाला वाटतं कंबर भरली, आणि तो दुखण्यावर आणखी पितो. वेळ गेली, तर खुबा बदलायची पाळी येते.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

१) जांघेतलं दुखणं अंगावर काढू नका. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं राहिलं, तर पुन्हा दाखवा. आपण दारू घेतो हे डॉक्टरांपासून लपवू नका.

२) हाड मोडलं असेल तर दारूचा थेंबही नको. तिच्यामुळे हाड जुळायला उशीर लागतो.

३) मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. तीळ आणि शेवग्याचा पालाही चांगला. सगळं दूध डेअरीला न घालता पेला-पेला घरच्यांसाठी ठेवा.

४) रोज भरपूर पिणाऱ्यानं मनानं एकदम सोडू नये. हातपाय कापतात, कधी झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडावी. सरकारच्या १४४४६ या क्रमांकावरही मदत मिळते.

थोडी घेतली तर चालते, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. पण दारू सोडली, की हाड भरायचं काम काही आठवड्यांतच पुन्हा सुरू होऊ शकतं. मेलेला खुबा मात्र सहसा परत येत नाही. म्हणून बांध फुटायच्या आधीच सावरा.