कणसरी: दाण्यांत वसलेलें नांव

देवाला हांक मारतांना मनुष्य कोणता शब्द योजतो, यावरून त्याचें देवाशीं नातें कोणतें तें कळतें. यहुदी लोक आपलें चार अक्षरांचें पवित्र नाम उच्चारीत नाहींत. वाचतांना त्या जागीं ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा स्वामी’, असें म्हणतात. पारशांचा ‘अहुर मज्द’ हा सुज्ञ प्रभु होय. संस्कृतांतील ‘ईश्वर’ या शब्दांतहि सत्तेचाच अर्थ आहे. इस्लामी परंपरेंत अल्लाचीं ९९ नांवें मानतात. त्यांत ‘अल-मलिक’ म्हणजे राजा हें जसें आहे, तसेंच ‘अर-रज्जाक’ म्हणजे पोटाला देणारा हेंहि आहे. राजाचें नांव आदरानें घेतलें जातें. पोटाला देणाऱ्याचें नांव भुकेला माणूस घेतो.

हें दुसरें नातें पाहावयाचें, तर जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत जावें. मुकणे घराण्याचें जव्हार संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. हे दोन्ही तालुके पुढें ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत मोडतात. येथील वारली समाजाच्या कित्येक दैवतांचीं नांवें रोजच्या जगण्यांतूनच आलेलीं आहेत. मोरपिसांच्या रूपानें घरांत पुजला जाणारा तो हिरवा. रानांतला वाघ तो वाघदेव. भूमि ती धरतरी. आणि धान्याची देवी ती कणसरी. भगत घांगळी वाजवून तिची कथा गातात.

कणसरी म्हणजे अन्नपूर्णाच, असें शहरांतला मनुष्य सहज म्हणेल. तें सर्वस्वीं चूक नव्हे. परंतु त्यांत एक भेद बुजतो. अन्नपूर्णा अन्न वाढणारी आहे. कणसरी स्वतःच अन्न आहे. तिच्या नांवांतच कणीस आहे. खाचरांतलें भात, उतारावरची नागली आणि वरई यांपासून तिला निराळें काढतां येत नाहीं.

या नांवामागील व्याकुळता १९९२-९३ सालीं सर्वांना दिसली. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं आणि ती वार्ता दूरवर पोंचली. ज्या मुलखानें धान्यालाच देवी म्हटलें, तेथेंच मुलें अन्नावांचून गेलीं. यावरून ती श्रद्धा पोकळ होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. भूक ज्यांच्या ओळखीची असते, तेच दाण्याला देवीचें नांव देतात.

उंच आसनावरील स्वामी दूर असला तरी स्वामीच राहतो. कणसरीला तसें दूर राहतां येत नाहीं; कणगी रिती झाली कीं तिचें नांवहि रितें होतें. पंडितांनीं हें नांव ग्रंथांत नोंदवून ठेवावें, तें योग्यच आहे. पण त्याचा खरा मान तेव्हांच राहील, जेव्हां डोंगरउतारावर नागली पिकेल आणि तिची भाकर तेथल्याच मुलांच्या ताटांत पडेल.