बटाट्याच्या जागी काय?

घरात कुणाला मधुमेह निघाला, की सगळ्यात आधी गदा येते ती बटाट्यावर. त्याच्या जागी पानात पडतो उकडलेला, पाणचट फ्लॉवर. चार दिवसांत खाणारा वैतागतो आणि बटाटा मागच्या दाराने परत येतो. बटाटा स्वयंपाकात कितीतरी कामं करतो. तो कुरकुरीत होतो, रस्सा दाट करतो, सारण बांधून ठेवतो. ही सगळी कामं एकच भाजी करू शकत नाही, म्हणून पदार्थ पाहून भाजी निवडावी लागते.

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदकं असतात. फ्लॉवरमध्ये ती ५, नवलकोलात ६, तर मुळ्यात चारच्याही आत. फसगत होते ती कंदांपाशी आणि पिठूळ फळांपाशी. सुरण बटाट्याच्या बरोबरीचाच. रताळं, कच्चं केळं आणि कोकणातला नीरफणस तर त्याच्याही पुढे. सुरणाचे काप चवीला लाख चांगले असतील, पण बटाट्याऐवजी ते खाऊन कर्बोदकं काही कमी होत नाहीत. त्यापेक्षा वांग्याचे काप करावेत.

काचऱ्यांसाठी तोंडली घ्यावीत. उभ्या, पातळ चिरलेल्या तोंडल्यांना पसरट लोखंडी तव्यावर मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. झाकण ठेवू नये, आणि मीठही शेवटीच घालावं. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि काचऱ्यांची गिचगिचीत भाजी होते. मंद आचेवर कडा तपकिरी होऊन आक्रसू लागल्या की तिखट, मीठ घालून उतरवावं. वरणभाताशेजारी ही काचरी बटाट्याची उणीव भासू देत नाही.

रश्श्याची गोष्ट वेगळी. शिजताना बटाट्यातल्या पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, त्यातून रस्सा मिळून येतो. नवलकोलात इतकं पिष्ट नसतं. त्याचं जाड साल आणि बुडाकडचा दोरेदार भाग निर्दयपणे काढून टाकावा, फोडी गोड्या मसाल्यात शिजवाव्यात आणि दाटपणासाठी दाण्याचं कूट किंवा वाटलेलं ओलं खोबरं घालावं. कोवळा पालाही चिरून त्यातच घालावा. तो फेकणं म्हणजे निम्मी भाजी फेकणं.

सगळ्यात अवघड वडा. फ्लॉवर पाण्यात उकडला तर सारण हमखास सैल होतं. तो किसून वाफवावा, गार झाल्यावर स्वच्छ पंच्यात घट्ट पिळावा आणि आलं-मिरची-लसणाच्या फोडणीत कोरडा होईपर्यंत परतावा. बांधणीला चमचाभर भाजलेलं बेसन पुरतं. सारणात पाणी राहिलं तर तेलात वडा फुटतो, म्हणून हे वडे आप्पेपात्रात केलेले बरे. वरच्या आवरणातही कर्बोदकं असतातच, तेव्हा पीठ पातळ भिजवावं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करू नयेत; साखर फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावं.

राहता राहिला उपास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाट्याची भर. ज्या घरात लाल भोपळा उपासाला चालतो, तिथे त्याचं भरीत करावं: वाफवलेला भोपळा, घट्ट दही, दाण्याचं कूट आणि वरून तुपात तडतडलेलं जिरं, मिरची. दही मात्र अगदी वाढायच्या वेळी कालवावं.