मांडू : पाण्याच्या वाटेने एक दिवस

(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात केलेले भाषण)



इथे बसलेल्यांत मांडू न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. पुण्याचे पाहुणे आले की पहिल्या रात्री सराफा आणि दुसऱ्या दिवशी मांडू, हा आपल्या घरांचा ठरलेला क्रम. तेव्हा राणी रूपमतीची गोष्ट मी सांगत नाही, ती गाइड माझ्यापेक्षा रंगवून सांगतात. मी पाण्याबद्दल बोलतो. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा आणि नोकरी सरकारच्या पाणीखात्यात, त्यामुळे माझी नजर कमानीच्या आधी पन्हाळीकडे जाते. घरची मंडळी याला कंटाळलेली आहेत, आज तुमची पाळी.

इंदूरहून धारमार्गे मांडू शंभरएक किलोमीटर. सकाळी सहाला निघा, धारला पोहे-जलेबी घ्या. गावात शिरण्याआधी काकडा खो लागते, तिथे उतराच. ही खोल दरी मांडूला माळव्याच्या पठारापासून तोडते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तिन्हीचारी बाजूंनी कडे, आणि वर एकही नदी नाही! होशंगशाहाने धारची राजधानी अशा जागी हलवली. पुढे तिला शादियाबाद, म्हणजे आनंदनगरी, म्हणू लागले. शत्रूपासून बचाव झाला, पण एवढ्या वस्तीला प्यायला काय? नर्मदा दिसते ती खाली निमाडात, तीही आभाळ स्वच्छ असेल तर, पांढऱ्या दोऱ्यासारखी.

उत्तर एकच होतं, जे आभाळातून पडेल ते धरून ठेवायचं. म्हणून तलाव, कुंड, बावड्या. जहाज महालाला आपण महाल म्हणतो. मला विचाराल तर मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध बांधलेली ती पाण्याची इमारत आहे. गच्चीवर जा आणि पायाखाली बघा. नागमोडी कोरलेली पन्हाळ दिसेल, तिच्यातून पाणी कुंडात उतरतं. गाइड सांगतात की ती नुसती शोभा आहे. मला तसं वाटत नाही. वळणं घेत गेलं की पाण्याचा वेग कमी होतो आणि गाळ मागे राहतो. नीलकंठलाही तसलीच गोल फिरणारी पन्हाळ आहे. पायऱ्या उतरून महादेवाचं दर्शन घ्या आणि ती जरूर पाहा. मुलं तिच्यात पान सोडून शर्यत लावतात.

चंपा बावडीपाशी मात्र घाई करू नका. बहुतेक लोक वरून डोकावतात आणि फोटो काढून पुढे जातात. बावडीच्या तळाच्या पातळीला कमानींची तळघरं जोडलेली आहेत. पाण्यावरून आलेली हवा आत फिरते, भर वैशाखात तिथे थंडावा असतो. शेजारीच शाही हमाम आहे. गरम आणि थंड पाण्याची वेगळी सोय, छताला चांदण्यांच्या आकाराची छिद्रं, त्यांतून उजेड खाली पडतो. आजकाल आपण ‘स्पा’ म्हणून पैसे मोजतो, ते हेच. १६१७ मध्ये जहांगीर इथे पावसाळाभर राहिला आणि मांडूच्या पावसाळ्याचं त्याने भरभरून कौतुक लिहून ठेवलं.

आपला संबंधही सांगून टाकतो. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांचं सैन्य नर्मदा ओलांडून याच बाजूच्या घाटाने वर आलं आणि अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर पडला. त्या सैन्यात उदाजी पवार होते आणि मल्हारराव होळकरही. म्हणजे तुम्ही-आम्ही इंदुरात गणपती बसवतो, त्याची वाट मांडूवरून जाते म्हणा ना.

आता थोडं कडू. १९७८ मध्ये इंदुरात नर्मदा आली. जलूदहून, सत्तरएक किलोमीटर, विंध्य चढवून. तो चढवण्याचा विजेचा खर्च मी कामामुळे जवळून पाहतो. नळ आला आणि आपण विहिरींकडे पाठ फिरवली. जुन्या मोहल्ल्यांत किती विहिरींवर स्लॅब टाकून गाड्या उभ्या आहेत, तुम्हीच मोजा. ३० मार्च २०२३, रामनवमी. बावडीवरचा स्लॅब खचला आणि ३६ जण गेले. इथल्या काही घरांतही त्या दिवशी चूल पेटली नव्हती. मांडूची बावडी पाचशे वर्षांनीही उघडी आहे, कठड्याशी उभं राहून तिचा तळ दिसतो.

म्हणून विनंती आहे. या सहलीला मुलांना न्या, पण परतल्यावर आपल्या वाड्यातली, सोसायटीतली विहीर कुठे होती ते आजी-आजोबांना विचारून एका कागदावर लिहा आणि मंडळाच्या कार्यालयात द्या. नकाशा मी काढतो.

बाकी व्यवहाराचं. दुपारी दाल-पानिये खा. खुरासानी इमली एक पुरते, मुलं सहा मागतील. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी नीलकंठच्या पायऱ्या जपून उतराव्यात, वर बसायला सावली आहे. आणि पाचला निघा. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की समोरचा दिवासुद्धा दिसत नाही.