नम्रतेची प्रार्थना



महोत्सवाच्या मंगल दिनी धर्मग्रामाने आपल्या सत्कृत्यांचा हिशेब मांडावा, हे स्वाभाविक आहे. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील परुश्यानेही मंदिरात असाच हिशेब मांडला होता. आठवड्यास दोन उपवास, प्राप्तीचा दशमांश. त्यात खोटे काहीच नव्हते. मात्र मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे त्याने तुच्छतेने पाहिले, आणि तेथेच त्याची प्रार्थना व्यर्थ झाली.

आपल्या नाशिकरोड येथे फेब्रुवारी महिन्यात बाळ येशूच्या यात्रेस सर्व धर्मांचे भाविक येतात. कित्येकांस क्रुसाची खूणही करता येत नाही. त्यांस पाहून आपण स्वतःस अधिक पुण्यवान समजू लागलो, तर तो परुशी आपल्याच अंतःकरणात उभा आहे असे जाणावे. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण ज्या शब्दांनी आपली अपात्रता कबूल करितो, ते शब्द मूळचे कोणाचे? कफर्णहूम येथील एका परराष्ट्रीय शताधिपतीचे! आपली नम्र प्रार्थना आपणांस एका परक्याने शिकविली आहे.

म्हणून महोत्सवाचा हिशेब अवश्य मांडावा. पण त्याच्या शेवटी जकातदाराप्रमाणे केवळ दयेची याचना असावी, हीच प्रभुचरणी विनंती.