कॅप्टन कोण होणार? पालवणकर बाळूंची गोष्ट

आज सुरुवात फुटबॉलने करूया आणि पोचूया क्रिकेटवर.

12 मार्च 1881. लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. स्कॉटलंडचा कॅप्टन अँड्र्यू वॉटसन. हा कृष्णवर्णीय होता. जन्म दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानाचा. स्कॉटलंडने मॅच मारली 6-1 ने! वॉटसन देशासाठी तीन मॅच खेळला आणि तिन्ही जिंकला.

पण एक लक्षात घ्या, त्याचा बाप पैसेवाला स्कॉटिश माणूस होता. पोराला इंग्लंडमध्ये चांगलं शिक्षण मिळालं, वारसाहक्काने पैसाही आला. म्हणजे रंग आडवा आला असता, तरी हातात पैसा आणि शिक्षण होतं.

आता आपल्याकडे या. पालवणकर बाळू, जन्म 1876, धारवाडचा. चर्मकार कुटुंब, वडील पुण्यात लष्करात. बाळू पुण्याच्या पारशी क्लबच्या मैदानावर कामाला लागले. झाडलोट, रोलर फिरवणं. पगार महिना 3 रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले, तिथे 4 रुपये. तिथे साहेब लोकांना नेटमध्ये बॉलिंग करायचे. डावखुरी, स्लो बॉलिंग. ग्रेग नावाचा साहेब आऊट झाला की 8 आणे द्यायचा, असं सांगतात. बॅटिंग मात्र करू द्यायचे नाहीत!

पुण्याच्या हिंदू संघात घेतलं ते बॉलिंगपायी. मैदानात सगळे एकाच बॉलला हात लावायचे. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताट वेगळं. विकेट चालते, कप चालत नाही!

पुढे ते मुंबईला गेले. 1906 मध्ये हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला 109 रनांनी हरवलं, त्यात बाळूंच्या बॉलिंगचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला. टीम बऱ्याच मॅच हरली, पण बाळूंनी 114 विकेट काढल्या. शंभराच्या वर!

मग कॅप्टन? नाही केलं. 1920 मध्ये यावरून मोठा वाद पेटला. भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. शेवटी बाळूंना उपकर्णधार केलं. शेवटी 1923 मध्ये हिंदू संघाची कॅप्टनकी विठ्ठलना मिळाली, आणि त्या वर्षी संघ जिंकला. बाळूंना स्वतःला ती कधीच मिळाली नाही.

बाबासाहेब आंबेडकर बाळूंपेक्षा वयाने लहान, तरुणपणी त्यांना मानणारे. पुढे रस्ते वेगळे झाले. 1937 च्या निवडणुकीत दोघे मुंबईत एकमेकांसमोर उभे राहिले, बाळू हरले. त्याच वर्षी बाबासाहेब धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. 31 जुलैला आजही तिथे गर्दी जमते, तुमच्यापैकी कित्येक जण गेले असतील. बाळू 1955 मध्ये गेले.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे: वॉटसनच्या मॅचला आणि बाळूंच्या वादाला मध्ये 39 वर्षं आहेत. स्कॉटलंडला 1881 मध्ये जमलं, ते आपल्याला 1920 मध्येही जमलं नाही. बॉल फिरवायला हात हवे होते, नाणं उडवायला ते हात नको होते.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावच्या टीममध्ये कॅप्टन कोण ठरवतं, आणि बॉल आणायला झुडपात रोज कोण जातं, हे एकदा बघा. मग सांगा मला, कमेंटमध्ये.