पाचवीतून सहावीत जाताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



बुद्धिदात्याच्या मांडवात शाळेविषयी बोलायला बोलावलेत, याबद्दल आभार. मी बरीच वर्षे सहावीला गणित शिकवले. त्या अनुभवातून एकच गोष्ट सांगतो. पाचवीपर्यंत हुशार असलेले मूल सहावीच्या पहिल्या चाचणीत मागे पडले, तर ते एकाएकी 'ढ' झालेले नसते.

आपल्यातले बरेच जण महाराष्ट्रात शिकले. तिथे चौथीनंतर झेडपीची शाळा सुटायची आणि पाचवीला हायस्कूल. इमारत नवी, गणवेश नवा, इंग्रजीचा श्रीगणेशाही तेव्हाच. बदल सगळ्या घराला दिसायचा. इथे पाचवी आणि सहावी बहुधा एकाच इमारतीत भरतात. गणवेश तोच, बस तीच. म्हणून घरच्यांना वाटते, नुसती इयत्ता वाढली.

प्रत्यक्षात बरेच काही बदललेले असते. केंद्रीय विद्यालयात पाचवीपर्यंत प्राथमिक शिक्षक असतात, सहावीपासून विषयवार पदवीधर शिक्षक. कोणी गृहपाठ फळ्यावर लिहून देतात, कोणी घंटा होता होता तोंडी सांगतात. परिसर अभ्यासाच्या एका पुस्तकाच्या जागी विज्ञान आणि सामाजिक शास्त्र येते. बऱ्याच शाळांत तिसरी भाषाही येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानला आहे.

गणिताचे उदाहरण घ्या. प्राथमिकला आपण सांगतो, '५ मधून ८ जात नाहीत.' सहावीत शून्याच्या पलीकडच्या संख्या येतात आणि उत्तर निघते उणे ३. मूल गोंधळते, कारण कालपर्यंत खरा असलेला नियम आज अपुरा ठरतो. अशा वेळी 'एवढे साधे येत नाही?' हे वाक्य फार महागात पडते. मूल स्वतःला कच्चे समजू लागते आणि वर्गात हात वर करणे बंद करते. गुण पुढे भरून निघतात, पण खाली गेलेला तो हात सहजासहजी वर येत नाही.

मग घरी काय करावे? वेळापत्रक भिंतीवर लावा आणि दप्तर रात्रीच भरायला सांगा. ते मुलानेच भरायचे. पहिले तीन महिने तुम्ही फक्त शेजारी बसा. जेवताना 'किती मार्क पडले?' याऐवजी 'आज काय शिकलास, ते मराठीत सांग बघू' असे विचारा. इंग्रजीत पाठ केलेले मराठीत सांगता आले, तर ते समजले. आपली मराठीही घरात टिकेल, हा वरचा फायदा!

चाचणीचा पेपर घरी आला की गुणांआधी चुका पाहा. त्यांचे तीन भाग करा: आलेच नाही, येत होते पण प्रश्न नीट वाचला नाही, आणि वेळ पुरला नाही. पहिल्यासाठी शिकवणे लागते, दुसऱ्यासाठी वाचनाची सवय, तिसऱ्यासाठी सराव. तिन्हींवर एकच ट्यूशन लावून भागत नाही.

आणखी एक. याच वयात मुलामुलींची शरीरे बदलू लागतात. अनेक मुलींना याच सुमारास पाळी सुरू होते. आई, मावशी, काकू यांनी ते आधीच मोकळेपणाने सांगावे. शाळेत अचानक घाबरण्याची वेळ मुलीवर येऊ नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्यात बदलीवर येणारी कुटुंबे खूप आहेत. त्यांच्या मुलांना शाळाही नवी, गावही नवे, पुष्कळदा बोलायची भाषाही नवी. अशा प्रत्येक सहावीतल्या मुलाला आपल्यातलाच एखादा सातवी-आठवीतला दादा किंवा ताई जोडून द्या. कोणत्या सरांना कशी वही लागते, मधल्या सुट्टीत कुठे बसायचे, हे तेच नीट सांगू शकतात. याला वर्गणी लागत नाही. गणपती होतात न होतात तोच सहामाही येते, तेव्हा नावे याच मांडवात, विसर्जनाआधी लिहून घ्यावीत.

एवढे बोलून माझे भाषण संपवतो. गणपती बाप्पा मोरया!