'अधीन' म्हणजे काय?

(सक्करदरा येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मारहाणीची तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती बायका पुष्कळदा एक वचन सोबत आणतात. सासूने, दिराने, नाहीतर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ऐकवलेलं. इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचन २२ : बायकोने नवऱ्याच्या अधीन असावं. झालं, तक्रार तिथेच संपली!

मराठीत 'अधीन' म्हटलं की 'पराधीन' आठवतं, 'मुलगी स्वाधीन केली' आठवतं. मूळ ग्रीक क्रियापद आहे 'हुपोतास्सो'. 'हुपो' म्हणजे खाली, 'तास्सो' म्हणजे क्रमाने लावणं. सैन्याच्या रांगा लावण्यालाही हेच क्रियापद. शब्द मवाळ नाही, आणि उगाच मवाळ करण्यात अर्थही नाही. कलस्सैकरांच्या पत्रात तर तो बायकांना थेटच लावलाय.

पण इफिसकरांच्या पत्रात पाहा. सुमारे इ.स. २०० चा पपायरस ४६ आणि चौथ्या शतकातली व्हॅटिकन प्रत, या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून घ्यावं लागतं. आणि तिथे अधीन व्हायला सांगितलंय ते सगळ्यांना, एकमेकांच्या! पुष्कळ छापील आवृत्त्यांत नेमका या दोन वचनांच्या मध्ये मथळा घातलेला असतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा धागा तुटतो. पुढे सहाव्या अध्यायात मुलांना आणि दासांना 'हुपाकुओ', म्हणजे आज्ञा पाळणं, हे वेगळंच क्रियापद आहे. नवऱ्याला सांगितलंय, बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती कर. हे वचन घेऊन मात्र आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही.

ग्रीक वगैरे बायकांचं काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाईंचं नाव सांगा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून निघालं.

आता कायद्याचं. १८६९ च्या कायद्यानुसार ख्रिस्ती बायकोला नुसत्या क्रूरतेवर घटस्फोट मागता येत नव्हता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती अट काढली, २००१ साली संसदेने कायदाच बदलला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तर सगळ्याच धर्मांच्या बायकांना आहे. घटस्फोट नको असेल, फक्त मार थांबायला हवा असेल, तरी त्याखाली अर्ज करता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे, किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढे.